तुमचं ताट कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडला राहणाऱ्या एका ताईंच्या घरात चार माणसं. नवरा कारखान्यात शिफ्टला, मुलगा बारावीत, सासूबाई पंचाहत्तरीच्या. दहावीनंतर सायन्स घ्यायचं की नाही यावरून बापलेकांचं वाजलं आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मुलगा ताट घेऊन खोलीत जातो, नवरा टीव्हीसमोर जेवतो, सासूबाई साडेसातलाच उरकून घेतात. कुणीतरी सुचवलं म्हणून ताईंनी दोनदा सगळ्यांना एकत्र बसवलं. दोन्ही वेळा भांडण झालं, दुसऱ्यांदा तर मुलगा भरल्या ताटावरून उठून गेला. त्या विचारतात, "एकत्र जेवल्यानं नाती सुधारतात हे खरं आहे, की नुसतं बोलायला बरं? आणि खरं असेल तर आमच्याकडे उलटं का झालं?"

ताई, खरं आहे. आणि तुमच्याकडे उलटं का झालं याचाही मला अंदाज येतो.

मी कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत सव्वीस वर्षं कुटुंब समुपदेशनाचं काम करते. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची जोडपी, वाटणीवरून तुटलेले भाऊ, मुलांशी बोलणं थांबलेले आईबाप माझ्याकडे येतात. पहिल्या भेटीत भांडणाचं कारण विचारायच्या आधी मी त्यांना एक कागद देते आणि घराचा साधा नकाशा काढायला सांगते. काल रात्री कोण कुठे बसून जेवलं, तिथे एक गोल करायचा, बाजूला वेळ लिहायची. तासभराच्या बोलण्यातून जे हाती लागत नाही ते त्या गोलांवरून दिसतं. तुमचं लिहिलेलं वाचताना मी तोच नकाशा मनात काढला. एक गोल मुलाच्या खोलीत, एक टीव्हीसमोर, एक साडेसातचा. चौथा गोल मला सापडला नाही. तुम्ही कधी जेवता, कुठे जेवता हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

मी चुकत असेन तर सांगा, पण तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवत असणार. आणि ज्या दोन रात्री तुम्ही सगळ्यांना बसवलंत, त्या दोन्ही रात्री तुम्ही तव्यापाशी होतात.

आपल्याकडे गरम पोळी ताटात पडणं हे प्रेमाचं माप आहे. त्या प्रेमाला मी नावं ठेवत नाही, माझ्या आईनं आयुष्यभर तसंच वाढलं. पण त्या गरम पोळीपायी पानावर काय होतं ते बघा. वर्षभर न बोललेली दोन माणसं समोरासमोर. घरात दोघंही जिच्याशी बोलतात अशी एकच व्यक्ती, ती चार पावलांवर पाठमोरी उभी. दर दोन मिनिटांनी येते, पोळी टाकते, वळते. तिच्या येण्याजाण्याच्या मधल्या वेळात दोघांना एकमेकांकडे बघण्याखेरीज गत्यंतर नाही. मग कुणीतरी काहीतरी बोलतो, आणि साठलेलं असतं तेच बाहेर येतं. तुम्ही झारा हातात घेऊन धावत येईपर्यंत भांडण पेटलेलं असतं. तुम्ही सगळ्यांना एकत्र बसवलंत, पण त्या बसण्यात तुम्ही नव्हतात.

म्हणून माझी पहिली सूचना त्या दोघांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. जेवण असं करा की वाढायला कुणी उभं राहणार नाही. वरणफळं करा, ज्याला आमच्याकडे चकोल्या म्हणतात. मसालेभात आणि कढी करा, किंवा आमटी-भात. पोळ्याच हव्या असतील तर आधी करून डब्यात झाकून ठेवा. पातेलं ओट्यावर नको, माणसांच्या मधे ठेवा. आणि पाच मिनिटं आधी तुमचं ताट वाढा, तुम्ही बसा, मग बाकीच्यांना येऊ दे.

एका घराचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वडील एमआयडीसीत फोरमन, मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजातल्या एका मुलावरून घरात मोठा तमाशा झालेला. बाप तिच्याकडे बघतही नव्हता. त्या घरात मी पंगत वगैरे काही बसवायला सांगितलं नाही. भाद्रपदाचे दिवस होते, बाजारात ओल्या शेंगा आल्या होत्या. मी सांगितलं, रविवारी संध्याकाळी दोन किलो शेंगा मीठ घालून उकडा, पातेलं जमिनीवर मधे ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि चौघं भोवती बसा. ताट नाही, वाटी नाही, वाढणं नाही. बोललंच पाहिजे असंही नाही. शेंगा संपल्या की उठायचं.

पहिल्या रविवारी कुणी अवाक्षर काढलं नाही. आई मला फोनवर म्हणाली, "मॅडम, नुसता टरफलांचा आवाज होता." मी म्हटलं, चांगलं झालं, पुढच्या रविवारी परत करा. दुसऱ्या वेळी धाकट्या भावानं खवट शेंग तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा बघून सगळे हसले. बाप हसला, मुलगी हसली, आणि दोघांनी एकमेकांना हसताना पाहिलं. तिसऱ्या वेळी बापानं सोललेल्या दाण्यांची मूठ मुलीच्या समोरच्या कागदावर ठेवली. तिनं ते दाणे लगेच खाल्ले नाहीत. उठताना मात्र एकेक करून खाल्ले. लग्नाचा प्रश्न त्यानं सुटला नाही, तो सुटायला पुढे वर्ष गेलं आणि बरीच रडारड झाली. पण ती सगळी रडारड एकमेकांसमोर झाली.

शेंगांत असं काय आहे, असं तुम्ही विचाराल. हाताला काम असतं आणि नजरेला जागा असते. रागावलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते समोरच्याच्या डोळ्यांत बघणं. माझ्या ऑफिसात दोघांना खुर्च्यांवर समोरासमोर बसवलं की तिथली शांतता अंगावर येते, कुणीतरी घसा खाकरतो, कुणीतरी मोबाइल काढतो. जेवताना मात्र गप्प राहणं चालतं. तोंडात घास असताना माणूस बोलत नाही यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकमेकांजवळ बसून न बोलता वीस मिनिटं घालवता येतात, अशी घरात दुसरी जागा नाही.

दुसरं म्हणजे जेवताना लहानलहान मागण्या होतात आणि त्या लगेच पुऱ्या होतात. मीठ सरकव. लिंबू आहे का? भात थोडा घाल. एका जोडप्यात सात आठवडे बोलणं बंद होतं. त्यातल्या नवऱ्यानं काढलेलं पहिलं वाक्य होतं, "चटणी इकडं दे." बायकोनं वाटी सरकवली. दोघांनीही मला ते वेगवेगळं येऊन सांगितलं, इतकं ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मागितलं आणि मिळालं, एवढंच त्यात घडतं. पण ज्या घरात प्रत्येक मागणीवर नकार किंवा टोमणा मिळायची सवय लागलेली असते, तिथे हेही पुष्कळ असतं.

शरीराचाही भाग आहे. पोट रिकामं असलं की रक्तातली साखर उतरते, ती सांभाळायला शरीर ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. हीच रसायनं भीती आणि रागातही वाढतात. म्हणून शिफ्टवरून आलेल्या भुकेल्या माणसाशी दारातच मुलाच्या मार्कांचा विषय काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. चार घास पोटात गेले की शरीर पचनाच्या कामाला लागतं, ताण सैलावतो. आपल्या आज्या "आधी जेव, मग बोलू" म्हणायच्या ते उगाच नव्हे.

आता "हे खरं आहे का" या तुमच्या प्रश्नाबद्दल, कारण नुसता माझा अनुभव पुरेसा नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या केटलिन वूली आणि शिकागो विद्यापीठातल्या आयेलेट फिशबाख यांनी यावर प्रयोग केलेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या. काही जोड्यांना चिप्स आणि साल्साचं एकच भांडं दिलं, काहींना प्रत्येकाला वेगळं. नंतर एकाला कंपनीचा आणि एकाला कामगार संघटनेचा प्रतिनिधी करून पगाराची वाटाघाट करायला लावली. चालू संपाचा खर्च दोघांनाही बसणार होता, म्हणजे तडजोड जितकी लवकर तितकं बरं. एका भांड्यातून खाल्लेल्या जोड्या सरासरी ९ दिवसांच्या संपात तडजोडीला आल्या, वेगळ्या भांड्यांतून खाल्लेल्यांना १३ दिवस लागले. एकाच भांड्यात हात घालताना समोरच्यानं किती घेतलं, आपण किती घ्यावं, शेवटचा तुकडा कुणाचा, हे न बोलता जुळवावं लागतं. ती जुळवाजुळव मग वाटाघाटीतही उतरते. मी तुम्हाला पातेलं मधे ठेवा म्हणते त्याचं एक कारण हे आहे.

कॉर्नेल विद्यापीठातल्या केव्हिन निफिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या अग्निशमन केंद्रांवर अभ्यास प्रसिद्ध केला. जिथले जवान एकत्र रांधून एकत्र जेवत, त्या तुकड्यांचं काम अधिकाऱ्यांच्या मते जास्त चांगलं होत होतं. काही जवान घरी जेवून येत आणि केंद्रावर पुन्हा जेवत, कारण पानावर न बसणं म्हणजे तुकडीत नसणं. अर्थात ज्यांचं आधीच जुळतं ते एकत्र जेवतात, की एकत्र जेवल्यानं जुळतं, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही. माझ्या मते दोन्ही दिशांनी घडतं. म्हणून मी कुणालाही एकत्र जेवा, सगळं ठीक होईल असं सांगत नाही. तुटलेल्या घरात जेवणाला मदत लागते.

ती मदत कसली, ते आता सांगते. मराठी घरात राग अन्नातून बोलतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. "मला भूक नाही" याचा अर्थ भूक नाही असा क्वचितच असतो. "मी बाहेर खाऊन आलोय", ताट सरकवणं, उपाशी झोपणं, भाजीत मीठ जास्त झाल्याचं चारचौघांत सांगणं. मुलगा ताटावरून उठून गेला ते तुम्हाला लागलं, साहजिक आहे, आपल्याकडे भरल्या ताटावरून उठणं हा अन्नाचाही अपमान मानतात. पण सतरा वर्षांच्या मुलाकडे बापाला "पुरे" म्हणायचे दुसरे शब्द नव्हते. तो घर सोडून गेला नाही, ताट सोडून गेला.

आणि जसा राग अन्नातून बोलतो, तशी माफीही. "माझं चुकलं" हे वाक्य आपल्या बापांच्या तोंडून सहजी निघत नाही. ते त्याऐवजी दाराशी येऊन म्हणतात, "चल, जेवून घे." मी शेकडो मुलामुलींना विचारलंय, तुझ्या वडिलांनी कधी तुझी माफी मागितली का? बहुतेक सगळे नाही म्हणतात. मग विचारते, भांडण झाल्यावर जेवायला कोण बोलवायचं? तिथे काही जण थांबतात, आणि त्यांचे डोळे भरून येतात, कारण तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात येतं की ती माफीच होती.

म्हणून दुसरी सूचना, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. मुलाला जेवायला तुम्ही बोलवायचं नाही. तुमच्या मिस्टरांनी बोलवायचं. गेलं वर्षभर तुम्ही निरोप्या झाला आहात. "त्याला सांग, जेवायला ये." "बाबांना सांग, मला नकोय." दोघांनाही बोलायची गरज उरलेली नाही, कारण तुम्ही आहात. हे काम थांबवा. एखाद्या शांत वेळी, मुलगा घरी नसताना, मिस्टरांना सांगा की रविवारी त्याच्या दाराशी जाऊन दोनच शब्द बोला, "जेवायला चल." तिसरा शब्द नको. "आतातरी", "साहेबांना वेळ असेल तर", "तुझी आई केव्हाची थांबलीय" यांतलं काही नको. आणि मुलगा आला नाही तर पुन्हा हाक नाही, रागही नाही. त्याचं ताट झाकून ठेवायचं. पुढच्या रविवारी परत दोन शब्द.

मिस्टर म्हणतील, मी का जाऊ, तो लहान आहे, त्यानं यावं. त्यांना सांगा की पंगतीत यजमान बोलावतो, पाहुणा आपणहून पानावर बसत नाही.

जेवताना काय बोलायचं यावर बायका मला वहीभर प्रश्न विचारतात. मी एवढंच म्हणते, पहिले सहा आठवडे मार्क, फी, प्रवेश, पैसा आणि नातेवाइकांची मुलं हे विषय पानावर आणायचे नाहीत. माझे वडील शाळामास्तर होते. ते जेवताना पाढे विचारायचे. एकोणतीसचा पाढा अडला की घास हातातच राहायचा, आमटी गार व्हायची, आई दाराआडून बघत राहायची. वडील वाईट नव्हते. दिवसभरात आम्ही चौघं भावंडं एकत्र सापडायचो ती वेळ तीच, म्हणून ते विचारायचे. आमच्या भल्यासाठीच विचारायचे. पण मी अजूनही कुणी मोठ्या आवाजात बोललं की घास न चावता गिळते, आणि माझा भाऊ आयुष्यभर एकटाच जेवत आला. तुमच्या मिस्टरांचंही मला तसंच दिसतं. मुलगा हाताशी लागतो ती एकच वेळ, म्हणून वर्षभराचा सगळा हिशोब तिथेच निघतो.

हिशोबाच्या जागी त्यांनी स्वतःचं काही सांगावं. कारखान्यात आज कुठलं मशीन बंद पडलं, कँटीनची भाजी कशी होती, पहिल्या नोकरीत कोणती चूक झाली आणि कोण ओरडलं. बापानं स्वतःची चूक पानावर सांगितली की मुलं ऐकतात, मी बघितलंय. समोर बघत नाहीत, पण हात थांबतो.

मोबाइलचं एकच सांगते. मुलाचा फोन बाजूला ठेवायचा तर मिस्टरांचाही, आणि टीव्ही बंद. एकट्या मुलाला नियम लावला तर ती शिक्षा होते.

आता थोडं विषयाच्या बाहेर जाते, पण मला ते बाहेरचं वाटत नाही. आपल्या भाषेत भेदभावाला जुना शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप आणि एकाला पाणी, यावरून तो आला. माणसं जवळ येण्याला रोटी-बेटी व्यवहार म्हणतात, त्यातही रोटी आधी. गावानं कुणाला वाळीत टाकलं की पहिली बंद व्हायची ती पंगत. १८९० साली पुण्यात पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली. त्यांत रानडे होते, टिळक होते. नावं छापून आल्यावर शहरात केवढं वादळ उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तापर्यंत पोचलं. कपभर चहामुळे. आणि आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिलं, तिथे गाडी थांबवून ते स्वतः चहा प्यायचे आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही प्यायला लावायचे. कायदे त्यांनी पुष्कळ केले, पण कायद्यानं न हलणारं मन कशानं हलतं याची त्यांना जाण होती. पंढरपूरच्या वारीत आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, लोक एकमेकांच्या तोंडात काला भरवतात. वर्षभर गावात एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी माणसं तिथे एकमेकांचा घास घेत आली. घरी परतल्यावर सगळ्यांनी ते पाळलं असं नाही, हेही खरं.

हे मी सांगते कारण असाच एक प्रसंग माझ्याकडे आला होता. आंतरजातीय लग्न, सासूबाईंनी सुनेला घरात घेतलं, साड्या दिल्या, हळदी-कुंकवाला पुढे केलं. पण सून रांधेल त्या दिवशी त्यांचा उपवास असायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. सुनेच्या ते ध्यानात यायला चार महिने लागले, आणि ध्यानात आल्यावर ती माझ्यासमोर अर्धा तास रडली. "मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं," म्हणाली. पुढे सासूबाईंना टायफॉइड झाला. घरात दुसरं कुणी नव्हतं. सुनेनं मऊ भात केला, मेतकूट घातलं, चमचा पुढे केला. त्यांनी खाल्ला. बऱ्या झाल्यावर उपवास उरले ते एकादशीपुरते. सुनेनं मात्र त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही, आणि मी तिला माफ कर असं कधी म्हटलं नाही. त्या चार महिन्यांतले घास तिच्या लक्षात आहेत आणि ते राहणारच.

तुमच्या घरात कामाला येणाऱ्या ताईंचा कप वेगळा असेल तर तोही आत्ताच बघून घ्या. मुलं हे सगळं बघतात. वाढण्यात आपण कुणाला आत धरतो आणि कुणाला बाहेर ठेवतो, ते आपल्या कुठल्याही उपदेशाच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

आता हा उपाय कुठे करू नये ते. घरात मारहाण होत असेल, नवरा पिऊन येऊन पानावर बसत असेल, तर एकत्र जेवायचा आग्रह धरू नका. भीतीनं गिळलेला घास कुणालाही जोडत नाही, तिथे आधी सुरक्षिततेची सोय करायची. घरातली मुलगी किंवा मुलगा जेवणच टाळत असेल, खाऊन उलट्या काढत असेल, झपाट्यानं बारीक होत असेल, तर हा आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. चारचौघांत "एवढंच का खाल्लंस" म्हणणं अशा मुलांना फार त्रासाचं होतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडे असं काही वाटत नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे असेल, म्हणून लिहिते.

शिफ्टचा प्रश्न तुम्हाला मोठा वाटतोय, मला तो तेवढा वाटत नाही. रोज एकत्र जेवलंच पाहिजे असं काही नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, न चुकवता, एवढ्यानं सुरुवात होते. मिस्टरांची नाइट असेल त्या आठवड्यात सकाळचा चहा आणि खारी चालेल. चहा म्हणजे जेवण नव्हे असं म्हणू नका, वर पंच हौदाचं सांगितलंच. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांनाही मी हेच सांगते, रविवारी दोन्हीकडे खिचडी टाका आणि फोन समोर ठेवून जेवा. एका पातेल्याची सर त्याला येत नाही, तरी तोच वास तिकडेही असतो.

बाहेर हॉटेलात जाऊन बघू का, असंही बरेच जण विचारतात. सुरुवातीला नको. तिथे मेन्यूकार्डवरून वाद होतो, बिल आल्यावर बापाचा चेहरा बदलतो, आणि लोकांसमोर भांडता येत नाही म्हणून सगळं गिळून घरी आणलं जातं. सहा-आठ आठवड्यांनी एखादी मिसळ खायला जा, तेव्हा मजा येईल.

पहिल्या रविवारी काय होईल तेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही खचणार नाही. मुलगा बहुधा येणार नाही. किंवा येईल, दहा मिनिटांत जेवेल, उठेल. मिस्टर तुमच्याकडे "बघितलंस?" अशा नजरेनं बघतील. त्या नजरेला उत्तर देऊ नका, तुमचं जेवण पुरं करा, सावकाश. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा घरांतली बाई त्या क्षणी उठते आणि मुलाच्या मागे जाते. तुम्ही बसून राहिलात तर मिस्टरही बसून राहतील. कितीतरी वर्षांनी तुम्ही दोघं टीव्हीशिवाय समोरासमोर जेवत असाल, आणि तुम्ही ज्याबद्दल विचारलेलं नाही त्याही नात्याला ते हवं असेल. दोन महिने करून बघा. तरीही बापलेकांत एक शब्द झाला नाही, तर दोघांना घेऊन जवळच्या समुपदेशकाकडे जा, आणि पहिल्याच भेटीत तो घराचा नकाशा काढून दाखवा.

राहिल्या सासूबाई. त्यांची साडेसातची वेळ मोडू नका. त्या वयात उशिरा जेवलं की रात्र खराब जाते, आणि गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतील तर जेवणही वेळेवरच हवं. पण रविवारी नऊ वाजता त्यांना कपभर हळद-दूध देऊन पातेल्याजवळ खुर्ची द्या. तुमचे मिस्टर लहानपणी काय खात नव्हते, कशावरून रुसायचे, रुसून कुठे जाऊन बसायचे, हे सगळं त्यांना माहीत आहे. नातवानं ते आजीला विचारलं तर बापाला ऐकून घ्यावंच लागेल.